एकोणिसावा

क्लेटन पडला तेव्हा वर्नाने आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही, हाताकडे पाहिलं. बावीस वर्षं बेरिंबुकच्या पोरांची डोकी-ढोपरं बांधणाऱ्या बाईला एवढं कळतं. पडलेला माणूस कण्हत असेल, शिव्या देत असेल, गवतात लोळत असेल तर घाबरायचं कारण नसतं, उठतो तो. पण क्लेटनचा उजवा हात हवेत ताठ उभा राहिला होता, बोटं फाकलेली, वर्गात उत्तर येणाऱ्या पोराने वर करावा तसा. तीन सेकंद. चार. मग तो हळूहळू खाली आला.

असा हात तिने आयुष्यात एकदाच पाहिला होता. नवऱ्याचा.

कुलगूरविरुद्ध अंतिम सामना, चारपैकी शेवटचा क्वार्टर, आणि बेरिंबुक चौदा गुणांनी पुढे. एकतीस वर्षांत बेरिंबुकला कप मिळालेला नव्हता. गावातली निम्मी दुकानं या काळात बंद झाली, शाळा गेली, बँक गेली, उरला तो फुटबॉल, हातांनी झेलायचा आणि पायाने मारायचा तो ऑस्ट्रेलियन फुटबॉल. मैदानाच्या कडेने कुंपणाला नाक लावून दीडशे गाड्या उभ्या होत्या, आणि आपला गोल झाला की सगळ्या एकदम भोंगे वाजवत होत्या. आता मात्र एकही वाजत नव्हता.

वर्ना पिशवी घेऊन धावली. पोचते तोवर क्लेटन उठून बसलेला. चोवीस वर्षांचा, साडेसहा फूट उंच, आणि हसत होता.

"काही नाही गं आई. दिवे गेले नि आले."

"गप बस. मान हलवू नकोस."

"अगं, दुसऱ्याचा खांदा लागला कानशिलाला. खांद्यालाच विचार लागलं का ते."

पोरं हसली. वर्ना हसली नाही. दोघांनी धरून त्याला बाहेर आणलं, बाकावर बसवलं, त्याच्या जागी दुसरा आत गेला. अठरा मैदानात, चार बाकावर. बाहेर या, दम खा, परत जा, दिवसातून वाटेल तितक्यांदा. आत गेलेल्याची आणि बाहेर आलेल्याची नोंद म्हातारा अल्बी पेन्सिलीने एका कागदावर ठेवतो. सगळं कसं सोपं आणि सरळ.

वर्नाने खिशातून कार्ड काढलं. प्लास्टिक चढवलेलं, कोपरे झिजलेले. त्यावर पाच प्रश्न. डोक्याला मार बसलेल्याला विचारायचे पाच प्रश्न, बावीस वर्षांत एकही बदललेला नव्हता.

"मैदान कुठलं?"

"रेल्वे मैदान."

"क्वार्टर कुठला?"

"शेवटचा."

"शेवटचा गोल कोणी मारला?"

इथे मागून कोणीतरी खाकरलं. खाकरता खाकरता 'डूली' म्हणालं. वर्नाच्या कानाला ते ऐकू आलं, पण मनाने ते ऐकून घेतलं नाही.

"डूलीने."

"मागचा सामना कोणाशी?"

"कुलगूरशीच. उपांत्य फेरीला." हरलेल्याला इथे आणखी एक संधी मिळते, तीच जिंकून कुलगूर अंतिम सामन्यात आलं होतं.

"काय झालं?"

"एकोणीस गुणांनी जिंकलो."

"पाचपैकी पाच!" मागे उभा असलेला डॅरिल पिट्श म्हणाला. डॅरिल बेरिंबुकचा प्रशिक्षक, गावचा पेट्रोलपंप त्याचाच. सकाळपासून नखं खाऊन खाऊन बोटं सोलून घेतली होती त्याने. "शाबास रे वाघा. वर्ना, दोन मिनिटं बर्फ ठेव आणि पाठव."

"दोन मिनिटं?"

"बरं बाई, पाच. तूच म्हणाली होतीस ना, बसवा, विचारा, बरा असला तर पाठवा? सगळ्या लीगसमोर म्हणाली होतीस."

म्हणाली होती. मार्च महिन्यात, कुलगूरच्या हॉलमध्ये, सॅंडविचच्या ताटांमागे उभी राहून.

लीगच्या त्या सभेत क्विल्टीने एक ठराव आणला होता. क्विल्टी म्हणजे कुलगूरचा कर्णधार, मेंढ्यांची लोकर कापणारा, कामाने हात राठ झालेला शांत माणूस. त्याने एक लाल बंडी आणली होती, बायकोकडून शिवून घेतलेली. ती वर धरून तो म्हणाला, "ज्याच्या डोक्याला मार बसला त्याच्या अंगात ही. एकदा ही चढली की त्या दिवशी परत मैदान नाही. त्याच्या जागी एक बदली खेळाडू घ्या. माझं म्हणणं एवढंच."

एवढंच म्हणे! हॉल असा पेटला की विचारू नका. "बदली म्हणजे ताजे पाय!" एक जण ओरडला. "दमलेला म्हातारा बैल डोकं धरून बाहेर येणार आणि ताजा घोडा आत जाणार. चोरीला कायद्याचा टिळा!" दुसरा म्हणाला, "मोठ्या गावांकडे माणसं आहेत, आम्ही बावीस जमवताना नाकी नऊ येतात, बदली कुठून आणू, मेंढी उभी करू?" एक ऐंशी वर्षांचे आजोबा उठले आणि म्हणाले, आमच्या काळी एकोणिसावा माणूस कोट घालून दिवसभर बाकावर बसायचा, बाहेर पडला तो पडला, परत यायची भानगडच नव्हती, तेव्हा कोणी मेलं नाही. आजोबा नक्की कोणाच्या बाजूने बोलले ते आजवर कोणाला कळलेलं नाही.

मग वर्ना उठली. "बंडी काय डॉक्टर लागून गेली? मी बावीस वर्षं पोरांच्या डोळ्यांत बघतेय. बाहेर घ्या, बसवा, प्रश्न विचारा. बरा असेल तर जाईल. नसेल तर मी आहे ना!"

टाळ्या पडल्या. पाच विरुद्ध चार मतांनी ठराव पडला, आणि पाचवं मत वर्नाच्या बोलण्याने फिरलेलं होतं. निघताना क्विल्टी बंडीची घडी घालत तिच्याजवळ आला. चिडलेला नव्हता.

"बंडीला कोणी गळ घालत नाही, वर्ना," तो म्हणाला. "तुला घालतील."

वर्ना तेव्हा फणकाऱ्याने निघून गेली. पण खरं कारण तिला ठाऊक होतं आणि ते तिने स्वतःलासुद्धा मोठ्याने सांगितलेलं नव्हतं. एका धक्क्याने माणसाचं डोकं मोडतं हे तिने मान्य केलं असतं तर घरातलं दुसरं काहीतरी मान्य करावं लागलं असतं.

ते दुसरं काहीतरी आत्ता कुंपणाजवळ पांढऱ्या पिकअपमध्ये बसलं होतं. नेव्हिल. एकोणसाठ वर्षांचा. ऐन तरुणपणी याच मैदानावर त्याचा हात असाच हवेत राहिला होता, आणि दहा मिनिटांनी तो परत आत जाऊन गोल मारून आला होता. गावाने ती गोष्ट दहा वर्षं चवीने सांगितली. आता नेव्हिल दर पाच मिनिटांनी विचारायचा, "कुठला क्वार्टर चाललाय गं?" कुठूनही आरडाओरडा झाला की भोंगा वाजवायचा, कुलगूरच्या गोललासुद्धा. मागच्या महिन्यात चालू ट्रॅक्टर शेतात सोडून उलट्या दिशेने चार किलोमीटर चालत गेला होता. "वय झालं," वर्ना लोकांना सांगायची. एकोणसाठ!

बर्फाची पिशवी क्लेटनच्या कानामागे धरून ती त्याला न्याहाळू लागली. पोराचे डोळे नीट दिसत होते. बोलणं नीट होतं. पाचपैकी पाच. मग ही भीती कशाची? तो हात. तो हात तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

तिने कार्ड खिशात टाकलं.

"क्लेटन, सकाळी काय खाल्लंस रे?"

"रेल्वे मैदान," क्लेटन म्हणाला.

वर्नाला वाटलं, गोंगाटात त्याला ऐकू आलं नाही. ती त्याच्या समोर गुडघ्यावर बसली, तोंड तोंडाशी नेलं.

"माझं नाव काय?"

"शेवटचा." तसाच हसरा, तसाच आज्ञाधारक चेहरा.

"क्लेटन. बाबा कुठे बसलेत?"

"डूलीने."

मागे कोणी खाकरलं नव्हतं. बाकावरची तिन्ही पोरं खाली मान घालून बुटांकडे बघत होती. त्यातल्या एकाच्या गळपट्टीला तिने हात घातला.

"काय आहे हे? बोल!"

"पाठ आहेत सगळ्यांना," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "गुरुवारी सराव झाला की शॉवरखाली म्हणतो आम्ही. पाचही. ओळीने. चालू क्वार्टर ज्याने त्याने मनात घोकत राहायचं, गोल कोणी मारला ते फक्त शेजारच्याने सांगायचं. सगळे करतात, वर्ना. कायमच करतात."

कायमच. बावीस वर्षं तिने ज्यांच्या डोळ्यांत बघून आत पाठवलं त्यांचे चेहरे तिला एकामागून एक आठवायला लागले. तिने ते जबरदस्तीने थांबवलं. आत्ता एकच चेहरा महत्त्वाचा होता.

"डॅरिल, हा जाणार नाही आत."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

डॅरिलने मैदानावरची नजर काढली नाही. "कुठल्या नियमाने? बंडी तर तूच पाडलीस. वर्ना, तो आपला एकटा उंच माणूस आहे. त्याच्याशिवाय नऊ मिनिटं निघणार नाहीत. एकतीस वर्षं गं! माझा बाप वाट बघत मेला."

"माझा पोरगा मरेल!"

"असं अभद्र बोलू नये," डॅरिल म्हणाला, आणि मग थोडं नरमून, "बरं, बसू दे त्याला. बघू."

ते 'बघू' काय असतं ते वर्नाला माहीत होतं. तिने पिशवीतून फोन काढला आणि रुग्णवाहिकेला लावला. पलीकडची बाई विचारत होती, श्वास चालू आहे का, शुद्धीत आहे का, कुठून फाटा लागतो. चाळीस मिनिटं लागतील म्हणाली. वर्नाने एका कानात बोट घालून, बाकाकडे पाठ करून फाटा समजावून सांगितला. अर्ध्या मिनिटाचं काम.

वळून बघते तर बाक रिकामा. बर्फाची पिशवी गवतात पडलेली.

क्लेटन मैदानात होता. कोणी पाठवलं नव्हतं, कोणी बाहेर आलेलं नव्हतं. उठला आणि गेला, इतकंच. झोपेतला माणूस उठून स्वयंपाकघरात जातो तसा गेला. अल्बी कागद हातात धरून उभा होता आणि त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"मी सोडलं नाही त्याला," अल्बी पुटपुटला. "शप्पथ. माझ्या अंगावरून गेला. एकोणीस झाले, डॅरिल. एकोणीस आहेत आत."

हा नियम तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होता. समोरच्या कर्णधाराने मोजणी मागितली की खेळ थांबतो, सगळ्यांना रांगेत उभं करतात, आणि एक जरी जास्त निघाला तरी त्या संघाने तोवर केलेले सगळे गुण पुसले जातात. सगळे. जुना नियम, आजोबांच्या काळातला. मोजणी मागितलेली मात्र इथल्या कोणीच पाहिली नव्हती.

"कोणीही हूं की चूं करायचं नाही," डॅरिल दबक्या आवाजात म्हणाला. मैदानात निरोप घेऊन जाणाऱ्या माणसाला त्याने दंडाला धरून जवळ ओढलं. "जा, डूलीला बाहेर काढ. पळू नकोस, सहज गेल्यासारखा जा. डूली आला की अठरा. मग कोणाच्या बापाला कळणार नाही."

"डूलीला?" वर्ना म्हणाली. "अरे क्लेटनला काढा ना!"

"क्लेटन सरळ यायचा नाही. ओढाओढी झाली की क्विल्टी मोजेल."

"म्हणजे तो आतच राहणार?"

डॅरिलने गुणफलकाकडे पाहिलं. "आठ मिनिटं, वर्ना. आठ मिनिटांत काय होतंय?"

वर्ना धावली. मलमपट्टी करणाऱ्या ट्रेनरला आत जायची मुभा असते, तिला कोणी अडवलं नाही. चौपन्न वर्षांची बाई, गुडघे दुखणारी, ती अशी धावली की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं असतं, पण आश्चर्य वाटायला जागा नव्हती. चेंडू लांब त्या टोकाला होता, दोन्ही पंच तिकडेच. क्लेटन अलीकडे एकटाच उभा होता. तिने मागून त्याची जर्सी घट्ट धरली.

"चल बाहेर."

"सोड ना आई." तो गोलखांब बघत होता, या टोकाचे, मग त्या टोकाचे. आवाज खाली आणून, लाजल्यासारखा त्याने विचारलं, "आपण कुठल्या बाजूला मारतोय?"

तेवढ्यात लोक ओरडले. चेंडू उंच उडून इकडे यायला लागला होता. क्लेटनने खांदा झटकला, वर्ना उताणी पडली, आणि तो वर बघत बघत मागे धावत सुटला, पाठीमागून कोण येतंय याची काडीची पर्वा नसल्यासारखा. त्याच्या पाठीमागून कुलगूरचा एक शंभर किलोचा गडी गुडघा पुढे काढून उडाला. वर्नाने डोळे मिटले. आवाज आला नाही. उघडले तेव्हा तो गडी क्लेटनच्या कानाजवळून, वीतभर अंतराने निघून खाली पडला होता आणि क्लेटन चेंडू नसलेले हात छातीशी धरून उभा होता.

पुढच्या वेळी वीतभर अंतर असणार नाही. हे तिला स्पष्ट कळलं. पलीकडे निरोप्या डूलीच्या दिशेने रमतगमत निघालेला दिसला. तो पोचला, डूली बाहेर आला, की सगळं नियमात बसणार होतं. आणि नियमात बसलं की तिच्या हातात काहीच उरणार नव्हतं.

तीस पावलांवर क्विल्टी उभा होता. ती त्याच्याकडे गेली.

"क्विल्टी, मोज आम्हाला."

तो वळला. "काय?"

"मोजणी माग. एकोणीस आहेत."

क्विल्टीने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग क्लेटनकडे. त्याला समजायला वेळ लागला नाही. पण त्याचा हात वर जाईना.

"वर्ना, गुण जातील तुमचे. सगळे. गावात राहू देणार नाहीत तुला. आणि मला काय म्हणतील? क्विल्टीने बोटं मोजून कप नेला म्हणतील."

"म्हणू देत! मला कप नको, मला पोरगा हवाय. तूच म्हणाला होतास ना, मला गळ घालतील? घातली. आता मी तुला घालतेय. पाया पडते तुझ्या, पण तो डूली बाहेर जायच्या आत हात वर कर!"

क्विल्टीने हात वर केला. "पंच! मोजणी!"

शिट्टी वाजली. आधी कोणाला काही कळेना. मग कळलं, तशी गाड्यांमधून माणसं उतरून कुंपणाला चिकटली. पंचांनी दोन्ही संघांना मैदानाच्या मधोमध रांगेत उभं केलं. बेरिंबुकची रांग मोजली. अठरा. डॅरिलने हात आभाळाकडे नेले. अठराच!

आणि मग पंच कुलगूरच्या रांगेकडे वळले. तिथे शेवटी, सगळ्या निळ्या जर्सींच्या टोकाला, पिवळ्या जर्सीत क्लेटन उभा होता. ताठ, छाती पुढे काढून, आपली पाळी येण्याची वाट बघत. शेजारचा निळा गडी त्याच्याकडे बघत एक पाऊल बाजूला सरकला. पंचाने क्लेटनच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला हळूच चालवत त्याच्या स्वतःच्या रांगेत आणून उभं केलं.

एकोणीस.

हजारभर लोकांनी ते पाहिलं आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. गुणफलकावरच्या माणसाने शिडी लावली. पत्र्याचे आकडे असतात ते, हाताने काढायचे. एक एक आकडा काढून तो खाली ठेवत होता आणि पत्र्यावर पत्रा आपटल्याचा आवाज मैदानाच्या या टोकापर्यंत येत होता. डॅरिल गवतात बसला होता, तोंड टोपीत खुपसून.

मग त्या शांततेत एक भोंगा वाजला. एकच, लांबलचक, गोल झाल्यावर वाजवतात तसा. पांढऱ्या पिकअपमधून.

"गोल झाला वाटतं," क्लेटन म्हणाला. त्याचा हात वर्नाच्या हातात होता आणि या वेळी त्याने तो सोडवून घेतला नाही. "कोणाचा गं?"

"तुझाच," वर्ना म्हणाली. "चल."

बेरिंबुकच्या माणसांनी त्या दोघांना वाट दिली. एका बाईने जे म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही. रुग्णवाहिकेला अजून अर्धा तास होता. वर्नाने पिकअपचं दार उघडून क्लेटनला बापाशेजारी बसवलं, मान सीटच्या पाठीला टेकवली, घोंगडी घातली. दोघं एकसारखे दिसत होते, तेच खांदे, तीच हनुवटी. नेव्हिल लेकाला बघून खूश झाला.

"कुठला क्वार्टर चाललाय रे?" त्याने विचारलं.

"रेल्वे मैदान," क्लेटन म्हणाला.

नेव्हिलने समाधानाने मान हलवली. वर्ना दाराशी उभी राहिली, दोघांचे हात आपल्या दोन हातांत धरून, आणि फाट्याकडून धूळ उडताना दिसते का ते बघत राहिली.